मे महिन्यातली दुपार, जानेवारीतली सकाळ आणि मार्कर नंबर सात: रेग्युलेटर बसवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुळशी तालुक्यात डोंगराच्या उतारावर दोघा भावांचं पेंटबॉलचं, म्हणजे रंगाचे बॉल एकमेकांवर मारायच्या खेळाचं मैदान आहे. जमीन वडिलोपार्जित, भाताला नालायक अशी मुरमाड. शनिवार-रविवार हिंजवडीच्या कंपन्यांच्या टीमा येतात, मधल्या दिवसांत कॉलेजची पोरं. गाव, नावं आणि ओळख पटेल असा बाकीचा तपशील मी गाळला आहे. मी स्वतः भोसरी एमआयडीसीत बरीच वर्षं हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो. धाकटा भाऊ माझ्या मुलाचा मित्र, म्हणून मी त्या दोघांचा ‘काका’. ‘काका, तुम्हाला प्रेशरमधलं कळतं, एकदा येऊन बघा ना,’ असं म्हणून त्याने मला तिकडे नेलं. तेलाचं प्रेशर मला कळत होतं. गॅसचं प्रकरण निराळं असतं.

मैदानावर दहा मार्कर होते, सगळे एकाच बनावटीचे. (या खेळातली माणसं ‘गन’ म्हणत नाहीत, ‘मार्कर’ म्हणतात, आणि ते सोवळं म्हणून नाही. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे पहिला खेळ झाला तो नेलस्पॉट ००७ या पिस्तुलावर, आणि ते बनवलं होतं तोडायची झाडं आणि गुरं यांच्यावर लांबून रंगाची खूण करायला.) आमचे दहाही यांत्रिक ब्लोबॅक, ०.६८ कॅलिबरचे, २० औंसांच्या म्हणजे ५६७ ग्रॅमच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) टँकवर चालणारे. टँकमधला गॅस स्टीलच्या जाळीच्या होसमधून थेट व्हॉल्व्हपर्यंत. मध्ये काही नाही.

ब्लोबॅकची चाल थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चाप दाबला की स्प्रिंगच्या जोरावर हातोडा पुढे येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. थोडा गॅस पुढे जाऊन बॉल ढकलतो, थोडा मागे येऊन हातोड्याला परत खेचून चापाच्या खाचेत अडकवतो. म्हणजे तोच गॅस बॉलही उडवतो आणि पुढच्या बॉलसाठी मार्कर कॉकही करतो. प्रेशर जास्त असेल तर बॉल जोरात जातो, कमी असेल तर कॉक होण्याचीच पंचाईत.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि त्या दोन वेगळ्या वह्यांत लिहिल्या जात होत्या.

पहिली जानेवारीतली. साडेसातच्या सत्रात चाप एकदा दाबला की तीन-चार बॉल धडाधड सुटायचे. पोरं खूश, पंच हैराण. दुसरी मे महिन्यातली. दुपारी तीनच्या खेळात एका पाहुण्याला दहा-बारा फुटांवरून मानेजवळ बॉल लागला आणि आठवडाभर टिकेल असा वळ उठला. भावांनी त्या मार्करचा वेग क्रोनोग्राफवर मोजला: ३१८ एफपीएस (फूट प्रति सेकंद). सकाळी आठला तोच मार्कर त्याच क्रोनोवर २६८ होता आणि मध्ये स्क्रूला कुणी हात लावला नव्हता.

पेंटबॉलमध्ये ३०० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ९१ मीटर, ही सर्वमान्य वरची मर्यादा. नवख्यांना खेळवणारी बरीच मैदानं २८० च्या आतच ठेवतात. २६८ आणि ३१८ मधला फरक कागदावर पन्नासच दिसतो, पण मार वेगाच्या वर्गाने वाढतो. तीन ग्रॅमचा बॉल २६८ ला साधारण १० ज्यूल घेऊन येतो, ३१८ ला १४. मानेवरचा वळ त्या चार ज्यूलचा होता.

आधी आम्ही काय चुकीचं धरलं

जानेवारीच्या तक्रारीला मी स्प्रिंग आणि चापाची खाच झिजली म्हणालो. दोन मार्करच्या स्प्रिंगा बदलल्या. योगायोगाने त्या आठवड्यात थंडी कमी झाली आणि मार्कर सरळ चालायला लागले. माझी पाठ थोपटली गेली. मेच्या तक्रारीला थोरला म्हणाला, बॉल उन्हात फुगतात, नळीत घट्ट बसतात, म्हणून जोरात जातात. त्यात तथ्य थोडं आहे. पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं, उष्णता आणि दमट हवा त्याला मानवत नाही. पण सावलीत ठेवलेल्या ताज्या पाकिटातल्या बॉलनेही आकडा तोच आला.

मग मी धाकट्याला एक शंभरपानी वही दिली आणि सांगितलं, मार्कर नंबर सात, दर सत्राआधी पाच शॉट, शेजारी हवेचं तापमान, आणि टँक भरलेला की अर्धा. बाकी काही लिहू नकोस. थोड्याच दिवसांत वहीत जे उतरलं त्यातल्या चार ओळी अशा. सकाळी २४ अंशांना २६८. अकराच्या सुमारास ३३ अंशांना २९०. दुपारी ३९ अंशांना भरलेल्या टँकवर ३१८. तिथेच, त्याच उन्हात, टँक अर्धा झाल्यावर २९६.

शेवटच्या ओळीने मला रात्रभर छळलं. सीओटूबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की टँकमध्ये द्रव आहे तोवर प्रेशर एकसारखं राहतं, अर्धा असो की पाव. मग टँक अर्धा झाल्यावर वेग का पडला?

कारण सापडलं

सीओटूचं प्रेशर भरण्यावर नाही, तापमानावर ठरतं, हे खरं. ० अंशांना साधारण ५०५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), १० ला ६५०, २० ला ८३०, ३० ला १०४५. परदेशी माहितीपत्रकांत ‘८५० पीएसआय’ लिहिलेलं असतं ते २१ अंशांच्या सुखी हवेचं. पण हे गणित ३१ अंशांपर्यंतच चालतं. त्याच्या वर सीओटू द्रवरूपात राहूच शकत नाही, कितीही दाबा. टँकमध्ये सगळा दाट गॅस होतो, आणि मग प्रेशर ठरतं ते किती माल कोंबलाय त्यावर. ४० अंशांना पूर्ण भरलेला २० औंसी टँक साधारण १६०० पीएसआयवर जातो. अर्धा वापरला की १२०० च्या आसपास येतो.

आपल्याकडे मार्च ते मे दुपारी टँक ३१ च्या वरच असतो, उन्हात ठेवलेला तर फारच वर. म्हणजे जिथे ही माहितीपत्रकं छापली जातात तिथल्या खेळाडूला क्वचित भेटणारी परिस्थिती आपली रोजची. वहीतली चौथी ओळ त्यामुळे बरोबर होती.

जानेवारीचं कोडंही यातच सुटलं. ११ अंशांना प्रेशर ६७० च्या घरात. त्यात भराभर शॉट मारले की टँकमधला द्रव उकळून गॅस होताना स्वतःच गार पडतो आणि प्रेशर आणखी उतरतं. हातोडा खाचेपर्यंत पोचत नाही, अर्ध्यातून परत पुढे येतो, पुन्हा व्हॉल्व्हवर आपटतो, पुन्हा बॉल. चाप दाबलेला असो वा नसो. मी बदललेल्या दोन्ही स्प्रिंगा चांगल्या होत्या.

दोन तक्रारींची वही एक झाली. इथवर यायला महिने लागले, आणि त्यातले बहुतेक केवळ तापमान लिहिलं नव्हतं म्हणून.

पर्याय

सगळ्यात फुकटचा पर्याय म्हणजे मार्करवरचा वेगाचा स्क्रू दिवसातून तीनदा फिरवणं. दहा मार्कर, तीन वेळा, प्रत्येकी पाच शॉट. शनिवारी गर्दीत हे होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. शिवाय टँक बदलला की आकडा बदलणार.

दुसरा, एक्स्पान्शन चेंबर. होस आणि व्हॉल्व्हच्या मध्ये पोकळ भांडं, त्यात द्रवाचे शिंतोडे येऊन गॅस होतात. त्याने मार्कर गोठत नाही, पांढरा धूर येत नाही. पण प्रेशर जे यायचं तेच येतं. आमचा रोग तो नव्हता. थोरल्याने तो जवळजवळ मागवला होता, कारण दिसायला तो रेग्युलेटरसारखाच दिसतो. रेग्युलेटर मात्र प्रेशर उतरवून एका ठरावीक आकड्यावर धरून ठेवतो.

तिसरा पर्याय खरं तर सगळ्यात चांगला: सीओटू सोडून दाबाच्या हवेवर जाणं. हवेच्या टँकमध्ये ३००० किंवा ४५०० पीएसआय असतात, पण रेग्युलेटर टँकच्या मानेवरच बसवलेला असतो आणि बाहेर साधारण ८०० किंवा ४५० पीएसआय ठरवून देतो. ऊन असो, थंडी असो. अडलं ते भरण्यावर. तेवढ्या दाबाचे कॉम्प्रेसर स्कुबावाल्यांकडे असतात, म्हणजे मालवण-तारकर्लीला, नाहीतर अग्निशमनाच्या श्वसनसंचांसाठी एखाद्या मोठ्या कारखान्यात. मुळशीहून दर आठवड्याला दहा टँक घेऊन मालवण? आणि आणलेल्या प्रत्येक सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडर यांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता हवी. स्वतःचा कॉम्प्रेसर घ्यायचा तर दहा मार्करच्या धंद्याला तो पेलत नव्हता. सीओटू मात्र पिरंगुटला आग विझवण्याची नळकांडी भरणाऱ्याकडे मिळत होता.

उरला मार्करवरचा रेग्युलेटर. मैदानावर काम करणाऱ्या एका मामांनी सुचवलं, वेल्डिंगचा लावा, माझ्याकडे पडलाय. हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं, कारण तोही सीओटूचाच असतो. पण वेल्डिंगचा रेग्युलेटर शांतपणे वाहणाऱ्या गॅससाठी, तो बाहेर काही थोडे बार सोडतो. मार्करला पन्नासएक बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) लागतात आणि तेही सेकंदात पाच-सात झटक्यांनी.

निर्णय पहिला: बसवायचा कुणाच्या मार्करवर

थोरल्याचा स्वतःचा एक मार्कर होता, लांब नळीचा, पॉलिश मारलेला. रेग्युलेटर आधी त्याच्यावर, असं त्याने गृहीत धरलं होतं. मी म्हटलं, ‘अरे, तुझा हात बसलेला आहे, तू कुणाला मानेवर मारणार नाहीस. भाड्याचा जो सर्वांत जास्त दुपारी बाहेर जातो त्याच्यावर लाव.’ तो सात नंबर. त्याची वही तयार होती, म्हणजे आधी-नंतर ताडून बघता येणार होतं. थोरला दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

निर्णय दुसरा: कोणता

इथे आमची पहिली चूक झाली, आणि तिचे पैसे गेले. धाकट्याला एका जुन्या खेळाडूकडून अर्ध्या किमतीत रेग्युलेटर मिळाला, गेजसकट, देखणा. आकार बरोबर, आटे बरोबर. सावकाश लावला, गॅस सोडला, स्क्रू शेवटपर्यंत आवळला. गेज ४५० च्या पुढे सरकेना. तो कमी दाबावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्करसाठी बनवलेला होता. आमचा ब्लोबॅक ४५० वर कॉक होणं शक्य नव्हतं. मे महिन्यात, भर उन्हात, त्याने जानेवारीसारखे तीन-चार बॉल सोडून दाखवले. एका अर्थाने प्रयोग यशस्वीच झाला: कारण प्रेशरच आहे याची खात्री पटली.

मग बसून कागदावर लिहिलं की आम्हाला हवंय काय. आधी लिहायला हवं होतं.

सगळ्यात आधी मार्करची खालची हद्द शोधली. दुसऱ्या एका खेळाडूचा जास्त दाबाचा रेग्युलेटर दोन दिवस उसना आणला आणि प्रेशर पन्नास-पन्नासने खाली आणत गेलो. सात नंबर ६५० वर न चुकता कॉक व्हायचा, ६०० वर दहात एकदा चुकायचा, त्याखाली खेळ खलास. म्हणजे सुरक्षित आकडा ७००. रेग्युलेटर असा हवा की ७०० त्याच्या पल्ल्याच्या मधे बसेल, टोकाला नाही. टोकाला स्प्रिंग पूर्ण दाबलेली असते आणि नियंत्रण राहत नाही.

दुसरं, आत येणारं प्रेशर १६०० पर्यंत जाणार, कधी त्याहून वर. तेवढं झेलण्याची हमी बनवणाऱ्याने लिहून दिलेली हवी.

तिसरं, तो सीओटूसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हवेसाठी बनवलेल्या कित्येक रेग्युलेटरांतल्या ओ-रिंगा (सांधा बंद ठेवणाऱ्या गोल लवचीक कड्या) सीओटूत फुगतात, आणि द्रवाचा एक घोट आत गेला तर सीट, म्हणजे पिस्टन जिच्यावर बसून गॅसची वाट बंद करतो ती चकती, गारठून कडक होते. आम्ही पॉलियुरेथेनच्या ओ-रिंगा असलेला धरला.

चौथं मला हायड्रॉलिक्सने शिकवलं: सुटा होणारा हवा. सीट, पिस्टन, ओ-रिंगा घरी बदलता यायला हव्यात आणि त्यांचा संच विकत मिळायला हवा. जो उघडत नाही तो एका पावसाळ्याचा पाहुणा.

बसायची जागा दोनच: खाली टँकच्या अडॅप्टरपाशी, किंवा पुढच्या मुठीच्या जागी उभा. आम्ही उभा निवडला. व्हॉल्व्हच्या जवळ असला की शॉटनंतर प्रेशर लवकर भरून येतं, आणि उभ्या नळकांड्यात द्रव वर चढत नाही. मुठीचं कामही होतं, हा वरचा फायदा. तोटा एक: थंडीत हाताला गार लागतो.

बसवताना

आधी मार्कर पूर्ण रिकामा. हॉपर (बॉल भरायचा डबा) काढला, नळीवर कापडी बूच चढवलं, टँक थोडा उलटा फिरवून पिन व्हॉल्व्ह बंद होऊ दिला आणि होसमधला उरलेला गॅस रिकामे शॉट मारून संपवला. हे झाल्याशिवाय पान्हा उचलायचा नाही, हा माझा प्रेसवरचा जुना नियम. इथे आणखी एक गोष्ट बघितली. टँक फिरवताना व्हॉल्व्ह टँकच्या मानेतून सुटत तर नाही ना? अमेरिकेत असा सुटलेला टँक रॉकेटसारखा उडून माणसं दगावली आहेत. व्हॉल्व्ह आणि मान यांच्यावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की टँक बाजूला. वहिनींची लाल बाटली त्या दिवशी दहा टँकांवर संपली.

मार्करच्या पोटाशी होस जिथे शिरत होता तिथला फिटिंग काढून उभा अडॅप्टर बसवला, त्यात रेग्युलेटरचं वरचं टोक, आणि खालचा होस रेग्युलेटरच्या बाजूच्या तोंडाला. काम वीस मिनिटांचं. घोळ झाला तो टेफ्लॉन टेपचा.

या मार्करवर दोन जातीचे आटे असतात. होसच्या टोकाचे एक-अष्टमांश इंची फिटिंग निमुळते असतात. ते आट्यांवरच सील होतात, तिथे टेप लागतो, दोन-तीन वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून. टँक आणि रेग्युलेटरचे जाड आटे मात्र सरळ असतात, तिथे सील करते ती ओ-रिंग. टेपचं तिथे काही काम नाही. मी होस बघत होतो, तेवढ्यात धाकट्याने नळाच्या सवयीने सगळ्या आट्यांना टेप गुंडाळला. मला दिसलं तेव्हा मी तो काढायला लावला. एक धागा राहिला असावा.

पहिला गॅस सोडताना रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल, म्हणजे सगळ्यात कमी प्रेशरवर. टँक हळू आवळला, कारण गॅस एकदम आत शिरला तर सीटवर धक्का बसतो. साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर. फेस आला नाही. मग पाव-पाव फेरा आवळत आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दोन रिकामे शॉट मारत ७०० वर आणला. शॉट का, तर स्क्रू सैल केला तरी पुढे अडकलेला गॅस आपोआप मागे जात नाही. शॉट मारल्याशिवाय गेज जुनाच आकडा दाखवत राहतो, आणि माणूस उगाच फिरवत बसतो.

मार्करवरचा वेगाचा स्क्रू बराच उघडला, कारण प्रेशर आधीपेक्षा कमी होतं. दहा शॉट सलग: २६४ ते २७०. टाळ्या.

दुसऱ्या दिवशीचा पहिला शॉट

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचाने सहज म्हणून खेळाच्या मध्येच सात नंबर क्रोनोवर धरला. २९८. पुढचा शॉट २७१. त्यापुढचे सगळे २६७ च्या आसपास. त्याला वाटलं क्रोनो बिघडला.

मी संध्याकाळी गेलो. गॅस लावून मार्कर टेबलावर ठेवला आणि गेजकडे बघत चहा प्यालो. ७००, ७४०, ८००. दहा मिनिटांनी ८८०, आणि काटा अजून चढत होता. याला क्रीप म्हणतात. रेग्युलेटरमध्ये बाहेरचं प्रेशर पिस्टनला स्प्रिंगविरुद्ध ढकलतं, ठरलेला आकडा आला की पिस्टन सीटवर बसून वाट बंद करतो. सीटवर कण असेल किंवा ओरखडा असेल तर वाट पुरती बंद होत नाही आणि गॅस झिरपत राहतो. सलग शॉट मारताना हे दिसत नाही, झिरपलेला गॅस लगेच वापरला जातो. दिसतं ते थांबल्यावरच्या पहिल्या शॉटला.

आणि थांबून मारलेला पहिला शॉट कोणता असतो? आडोशाला पाच मिनिटं दबा धरून बसलेल्या खेळाडूचा. समोरचा दहा फुटांवर येतो तेव्हाचा. म्हणजे ज्या शॉटसाठी आम्ही एवढा खटाटोप केला तोच सगळ्यात जोराचा निघत होता. क्रोनोवर सलग दहा शॉट घेऊन टाळ्या वाजवणारा मी.

रेग्युलेटर उघडला. सीटच्या कडेला टेफ्लॉनचा पांढरा धागा, नखाएवढा. काढला, पण त्याने सीटवर बारीक रेघ पाडली होती, म्हणून संचातली नवी सीट घातली. ओ-रिंगांना सिलिकॉनचं ग्रीस, नुसतं चमकेल एवढंच. होसच्या तोंडाला पितळी जाळीचा फिल्टर बसवला, कारण नळकांडी भरणाऱ्याकडचा गॅस काही गाळून येत नाही. पूर्वी हे लोक टँकच्या तोंडात तेलाचे दोन थेंब टाकून मार्कर वंगण करत. ते बंद केलं, तेल आता रेग्युलेटरच्या पुढे, थेट मार्करमध्ये. पंधरा मिनिटांनी काटा ७१० वर. तेवढं चालतं.

निकाल

मे अखेरपर्यंत सात नंबरची वही चालू होती. सकाळ ते दुपार फरक पूर्वी पन्नास एफपीएसचा होता, तो दहा-बारावर आला. भरलेला टँक आणि अर्धा टँक यांत फरक जाणवेनासा झाला. एका टँकमध्ये शॉटही थोडे जास्त निघायला लागले.

जानेवारी मात्र सुटला नाही, आणि हे मी आधीच सांगितलं होतं तरी दोघा भावांना ते पटायला जानेवारी यावा लागला. रेग्युलेटर प्रेशर उतरवतो, चढवत नाही. टँकमध्येच ६७० असेल तर ७०० वर लावलेला रेग्युलेटर नुसती उघडी नळी आहे. सीओटूचं प्रेशर ७०० च्या वर राहायला निदान १३ अंश लागतात, आणि शॉटगणिक टँक गार होतो म्हणून प्रत्यक्षात अठरा. धाकट्याने गरम पाण्याच्या बादलीत टँक बुडवायची कल्पना काढली. तिला मी तिथल्या तिथे नकार दिला, गरज पडली तर शिव्याही दिल्या असत्या. बंद टँक गरम करायचा नाही. शेवटी डिसेंबर-जानेवारीत साडेसातचं सत्र काढून साडेनऊचं केलं. कंपन्यांच्या टीमांनी तक्रार केली नाही, त्या तशाही उशिराच यायच्या.

बाकीच्या नऊ मार्करचं काय? एका रेग्युलेटरची किंमत मार्करच्या निम्म्याच्या आसपास जात होती. आणखी चार घेतले. मे महिन्यात दुपारी आता फक्त हे पाच आळीपाळीने बाहेर निघतात, बाकीचे सकाळी. जे बिनरेग्युलेटरचे आहेत त्यांचा वेग दुपारच्या हवेत लावून ठेवतात आणि सकाळी थोडा कमी पडला तर पडू देतात. पूर्वी उलटं होतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो ज्याला काही पैसे पडले नाहीत त्याने. मार्च ते मे टँक ५६७ ग्रॅमऐवजी ४०० ग्रॅमच भरतात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून. ४० अंशांना १६०० ऐवजी साधारण १३०० वर राहतो. आणि टँक गोणपाटाखाली सावलीत. हे आम्ही रेग्युलेटरच्या आधी केलं असतं तर मानेवरचा तो वळ कदाचित उठला नसता.

वेगळं काय करता आलं असतं

वही पहिल्या दिवशी. स्प्रिंग बदलण्याआधी. तापमानाचा रकाना नसलेली तक्रार-वही मेंटेनन्समध्ये मी स्वतः कुणाकडून घेतली नसती, इथे मात्र खेळ आहे म्हणून चालवून घेतली.

खालची हद्द आधी, खरेदी नंतर. उसना रेग्युलेटर दोन दिवस आणायला काही पडलं नाही. तो आधी आणला असता तर ४५० चा देखणा तुकडा घेतलाच नसता. तो अजून मैदानावरच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

क्रोनोची पद्धत आता बदलली आहे: तीन शॉट, तीन मिनिटं थांबायचं, मग एक शॉट. तो चौथा आकडा वहीत लिहितात. थोरला म्हणतो वेळ जातो. जातोच.

दाबाच्या हवेचा विषय मी अजून सोडलेला नाही. मैदान वीस मार्करांचं झालं तर गणित बदलेल, आणि मग हे पाच रेग्युलेटर बहुधा काढून ठेवावे लागतील, कारण टँकच्या मानेवरचा एकच पुरेल.

सध्याचा वाद वेगळाच आहे. रेग्युलेटरच्या सीटचा संच परदेशातून यायला आठवडे लागतात. तीन नंबरची सीट परवा गेली आणि धाकट्याने भोसरीत ओळखीच्या लेथवाल्याकडून नायलॉनची हुबेहूब सीट कापून आणली, दहा रुपयांत. मापं मी मायक्रोमीटरने तपासली, बरोबर आहेत. टेबलावर पंधरा मिनिटं काटा हलला नाही. पण १६०० पीएसआयचा सीओटू आणि मे महिना त्या नायलॉनने पाहिलेला नाही. तीन नंबर खुंटीला टांगलेला आहे आणि सीट माझ्या ड्रॉवरमध्ये.